म्हैस कुणाला ओळखत होती

लग्न होऊन मी बेळगुंदीला आले तेव्हा त्या घरात मला पहिल्यांदा जिने आपलं मानलं ती म्हैस होती. निदान मला तसं वाटलं होतं. पुढं कळलं की तसं काही नव्हतं, आणि ते कळलं तेव्हा मी गोठ्यात बसून जेवढी रडले तेवढी नवरा गेला तेव्हाही रडले नसेन. हे लिहायला लाज वाटते, पण आता या वयात लाज धरून तरी काय करायचं आहे?

घरात माणसं मोजकी. सासू, सासरे, थोरले दीर, त्यांची बायको म्हणजे माझी जाऊ आणि जावेची चार वर्षांची मुलगी. सासरे ओट्यावर बसून असायचे, बायकांच्या बोलण्यात ते कधी पडले नाहीत. माझा नवरा बैलगाडी घेऊन खानापूरच्या रानात लाकूड वाहायला जायचा. एकदा गेला की आठ-आठ, दहा-दहा दिवस तिकडेच. घरी आला की जेवायचा, चुन्याची पितळी डबी काढून तंबाखू मळायचा आणि झोपायचा. वाईट माणूस नव्हता. फक्त माझ्याशी काय बोलावं हे त्याला सुचायचं नाही, आणि मलाही सुचायचं नाही.

माझं माहेर निपाणीजवळचं. बाप लवकर गेलेला, थोरला भाऊ शेती बघायचा आणि आई तंबाखूच्या वखारीत पानं निवडायला जायची. चांगलं पान, मधलं पान, हलकं पान असे ढीग घालायचे. माझ्या लग्नाआधीपासूनच तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, पण वखारीतल्या मुकादमाला ते वर्षभर कळलं नाही. ती पान दोन बोटांत धरायची, अंगठा एकदा फिरवायची आणि बरोबर ढिगावर टाकायची. मी लहानपणी तिच्याशेजारी बसून डोळे मिटून तसं करून बघायची आणि दर वेळी चुकायची. ती हसायची. "बघायचं न्हाय नि घाईबी करायची न्हाय," म्हणायची. "पान आपणच सांगतंय." मला पानानं कधीच काही सांगितलं नाही.

सासरी मात्र ते शिकावंच लागलं. परक्या घरात नव्या सुनेला कोणी काही सांगत नाही, सगळं ओळखायचं असतं. सासूचं खोकणं दोन तऱ्हेचं होतं. एक घसा खवखवतो म्हणून, दुसरं 'उठ आता, किती बसलीस' म्हणून. भांडं ठेवल्याचा आवाजही दोन तऱ्हेचा. सुरुवातीला मी सगळ्याच खोकण्यांना दचकून उठायची आणि सासू म्हणायची, "काय गं, अंगात आलं काय?" पुढं नेमक्या खोकण्याला उठायला शिकले. माझ्यात आणि गोठ्यातल्या जनावरात त्या बाबतीत फार फरक होता असं आजही वाटत नाही.

म्हैस पहिलारू होती. मी आले त्याच महिन्यात व्याली आणि रेडकू आठवड्यात मेलं. रेडकाशिवाय म्हैस पान्हा सोडत नाही. सासूची बोटं संधिवाताने आखडलेली, जाऊ म्हशीला भ्यायची. तेव्हा घरात जे काम कुणाला नको ते माझ्याकडे आलं. मी आंबोणाचं घमेलं म्हशीपुढं ठेवायची, चरवी गुडघ्यात धरायची आणि नुसती बसायची. दोन दिवस तिने लाथा मारल्या. तिसऱ्या दिवशी तिने कान पुढं केले, एक लांब श्वास सोडला आणि कास भरून आली. चरवीत पहिली धार वाजली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी उठून तिच्या गळ्यात पडले. दूध जवळजवळ सांडलंच.

तिथून पुढं दीड वर्ष मी त्या म्हशीशी बोलले. नवऱ्याशी बोलले नाही ते तिच्याशी बोलले. आईची आठवण आली की तिला सांगायची, सासू टाकून बोलली की तिला सांगायची. दुसऱ्या वेतातलं रेडकूही जगलं नाही, तेव्हा आम्ही दोघी एकाच दैवाच्या असं मी धरून चालले, कारण माझीही कूस रिकामीच होती. मी गोठ्याच्या दाराशी आले की ती मान वळवायची. या घरात एक तरी जीव मला ओळखतो, असं मी स्वतःला सांगायची आणि त्यावर माझे दिवस निघायचे.

मग नवरा रानातून हिवताप घेऊन आला आणि नवव्या दिवशी गेला. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस, औषध मिळेना. जे बायकांनी करायचं असतं ते बायकांनी केलं. माझे दोन्ही हात धरून दगडावर आपटले आणि हिरव्या बांगड्या वाढवल्या. भाऊ निपाणीहून आला होता. जाताना तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आईला सांगणार न्हाय मी. तिचं काळीज आता एवढंसं ऱ्हायलंय. तिला कळलं तर ती न्हाय वाचायची. तू तिकडं येऊ नको, मी सांगतो, कामं लई हायत, लावून देत न्हाईत म्हणून." मी मान डोलावली. नवरा गेला होता आणि आता माहेरही गेलं होतं, पण त्या दिवशी हे दुसरं नीट लक्षातही आलं नाही.

सुतकाचे तेरा दिवस मी कोपऱ्यात. धार कोण काढणार? जावेला पाठवलं. ती रडवेली होऊन गोठ्यात गेली आणि थोड्या वेळाने भरलेली चरवी घेऊन आली. लाथ नाही, काही नाही. सगळ्यांना नवल वाटलं. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते आणि मला वाटलं, बिचाऱ्या म्हशीने माझं दुःख जाणून आढेवेढे घेतले नसतील. असं काहीबाही मनात यायचं तेव्हा.

चौदाव्या दिवशी मी गोठ्यात गेले. आंबोण ठेवलं, चरवी धरली, बसले. म्हशीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं आणि आंबोण खात राहिली. कास दगडासारखी. मी पाठीवरून हात फिरवला, सड चोळले, बोलले, रडले. शेवटी तिने पाय झाडला आणि चरवी लवंडली. त्यात सांडायलाही काही नव्हतं. दारात सासू उभी होती. ती मला नाही, भिंतीला उद्देशून बोलली. "जनावराला कळतंय. पांढऱ्या कपाळाच्या हाताला पान्हा फुटंल व्हय?" दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. जाऊ गेली की मात्र दूध यायचं. मग धार तिच्याकडे गेली आणि शेण माझ्याकडे राहिलं.

सासूवर मी रागावले नाही. कारण मलाही तेच खरं वाटलं. माणसांनी तोंड फिरवलं तर समजू शकते, पण म्हैस खोटं कशाला वागेल? माझ्या हातातच काहीतरी मेलं आहे असं मी धरून चालले. पुतणीला जवळ घ्यायचंही मी टाळू लागले. त्या महिन्यात मी माझा हात माझ्याच तोंडाला लावताना बिचकायची.

नागपंचमीच्या तोंडावर कासार गावात आला आणि जावेने नव्या बांगड्या भरल्या, दोन्ही हातांत डझन-डझन. सणाआधी एकही वाढू नये म्हणून तिने दोन्ही मनगटांवर जुन्या लुगड्याची चिंधी घट्ट गुंडाळली आणि तशीच कामाला लागली. आमच्याकडे पुष्कळ बायका असं करायच्या. त्या संध्याकाळी ती धारेला बसली तेव्हा मी पलीकडे शेण भरत होते. म्हैस पान्हवेना. जाऊ सड ओढतेय, 'हूं' करतेय, म्हैस आपली आंबोण खातेय. माझ्या हाताखाली जशी वागायची तशीच, कानसुद्धा तसेच पडलेले. जाऊ घाबरली. "हिला काय झालं गं?" म्हणून उठली, हात धुवायला म्हणून तिने चिंध्या सोडल्या आणि बादलीत हात घातले. बांगड्या वाजल्या.

म्हशीचे कान पुढं आले. तिने लांब श्वास सोडला. मी शेणाचं घमेलं धरून तिच्या मागेच उभी होते, म्हणून मला दिसलं. अजून कुणी हात लावला नव्हता आणि तिच्या दोन्ही मागच्या सडांतून दूध ठिबकत होतं.

आधी मला हसू आलं. माझा हात मेलेला नव्हता. माझ्या कपाळाचा म्हशीशी काही संबंध नव्हता, तिला कपाळ कळतच नव्हतं. सासूने जे एवढं मोठं दैव काढलं होतं ते काचेच्या डझनभर बांगड्यांत होतं. आणि हे हसू ओठावर असतानाच दुसरी गोष्ट लक्षात आली. मग तिने मलाही कधी ओळखलं नव्हतं. दीड वर्ष ज्या जनावरापुढं मी जीव ओतला, ते बांगड्यांना कान देऊन उभं होतं. त्या बांगड्यांमागे मी असते काय, जाऊ असती काय आणि बाजारातली कुणी बाई असती काय, तिला सारखंच. जाऊ चरवी घेऊन आत गेल्यावर मी खाली बसले आणि रडले. ते हे रडणं, सुरुवातीला सांगितलं ते.

त्याच आठवड्यात सासू चुलीपुढं म्हणाली, "सुगी झाली की हिच्या भावाला निरोप धाडू. घेऊन जाऊ दे हिला. हितं काम तरी काय हाय?" मी भाकरी थापत होते, माझा हात थांबला. काम नाही म्हणून मला पाठवणार. मला जायचं नव्हतं असं नाही, आईसाठी जीव तुटत होता. पण मी भावाच्या दारात उभी राहिले की आईला कळणार. आंधळी झाली तरी मोकळं मनगट तिच्या हाताला लागणारच. तिने जगावं यासाठी मला या घरात राहणं भाग होतं, आणि या घरात राहायचं तर म्हैस माझी व्हायला हवी होती. बांगड्यांची नव्हे, माझी.

पुतणीकडे फुटक्या बांगड्यांचे तुकडे होते, मुली खेळायला जमवतात तसे. भाजलेल्या शेंगा देऊन मी तिच्याकडून मूठभर हिरवे तुकडे घेतले. नवऱ्याची चुन्याची डबी मी जपून ठेवली होती. ती घासून स्वच्छ केली, तुकडे आत घातले आणि दोऱ्याने कोपराला बांधली, पदराखाली. हात हलला की किणकिण व्हायची. दुपारी गोठ्यात कुणी नसताना वाजवून बघितली. म्हैस फसली. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही, थोडी तिची कीवच आली.

जावेला मी नुसतं म्हटलं, "आक्का, तुला भ्या वाटतंय तर मी बघू का एकडाव?" तिला सुटल्यासारखं झालं. ती दाराशी उभी राहायची, मी धार काढायची, आणि चरवी तीच आत न्यायची. सासूला वाटायचं, जाऊच काढते. डबीचं मी जावेलाही सांगितलं नाही. धार काढताना मी एकच शब्द म्हणायची, दर वेळी त्याच सुरात, "हं माय, हं." दर दोन दिवसांनी डबीतला एक तुकडा कमी करायची. आवाज बारीक बारीक होत गेला आणि माझा शब्द तेवढा राहिला. महिन्याने डबी रिकामी झाली. त्या संध्याकाळी मी "हं माय, हं" म्हटलं आणि म्हशीने कान पुढं केले.

इथंच थांबायला हवं होतं. पण बांगड्यांनाही ती पान्हवतच होती, म्हणजे जाऊ आहे तोवर माझी गरज नव्हतीच. म्हणून मी पुढचं केलं. रोज दुपारी तुकड्यांनी भरलेली डबी तिच्यापुढं वाजवायची आणि काही द्यायचं नाही. आंबोण नाही, धार नाही, हातही लावायचा नाही. वाजवायची आणि निघून जायची. पहिले दिवस ती वैरण सोडून आशेने बघायची, दूध जमिनीवर ठिबकायचं. पंधरा-वीस दिवसांनी तिने कान हलवणं सोडलं. जनावराला आशा सोडायला शिकवता येतं हे मी त्या दुपारी शिकले. त्यात काही शहाणपण नाही, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

मग एके संध्याकाळी सासू स्वतः गोठ्यात आली आणि जावेला बसणं भाग पडलं. म्हैस ढिम्म. जावेच्या बांगड्या वाजत होत्या आणि म्हैस भिंतीकडे बघत होती. सासू म्हणाली, "अगं, तुझ्या हाताला काय झालं?" मी म्हटलं, "आत्ती, मी बघू?" बसले, शब्द म्हटला, चरवी भरली. सासूने पदर तोंडाला लावला. सुगी झाली तरी निरोप धाडण्याचं कुणी काढलं नाही.

माझं काम झालं, पण सासूचं दैव थांबलं नाही, ते फक्त जावेकडे वळलं. सवाष्णीच्या हाताला पान्हा फुटेना म्हणजे तिच्यातच काहीतरी खोट, असं सासूने ठरवलं. जावेला मुलगी झाल्यावर पुन्हा दिवस राहिले नव्हते, त्याचाही संबंध तिने म्हशीशी लावला. जाऊ आपले हात बघत बसायची. मी महिनाभर ज्या दुःखात होते त्यात मी तिला बसवलं होतं, आणि ती बाई त्या घरात मला कधी एका शब्दाने दुखावून बोलली नव्हती. तिच्याकडे बघायचं मी टाळायची. पूर्वी मी एकटी होते, आता एकटी आणि चोर.

मार्गशीर्षात बाजाराला आलेल्या माणसाबरोबर भावाचा निरोप आला. आईची दृष्टी पूर्ण गेली आहे, अंथरूण धरलं आहे, रोज तुझं नाव घेते. एकदा येऊन जा, पण जपून, तिला ठाऊक नाही. सासूने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग म्हशीचं काय?" मीच ती म्हैस माझ्या गळ्यात बांधून घेतली होती.

त्या संध्याकाळी गोठ्यात मी जावेला सगळं सांगितलं. बांगड्या, डबी, दुपारचं ते वाजवणं, सगळं. मला वाटलं, ती चरवी माझ्या डोक्यात घालेल. तिने आपले दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. मग म्हणाली, "म्हंजे माझा हात चांगला हाय?"

"तुझा चांगला हाय, आक्का. माझाबी चांगला हाय."

ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मी तिला तो शब्द शिकवला. तिने तीनदा म्हणून बघितला, माझ्याच सुरात म्हणायचा प्रयत्न केला. म्हैस हलली नाही. जावेने डोळे पुसले आणि म्हणाली, "जा तू. आटली तर आटू दे. आत्तींचं मी ऐकून घेतो." आमच्याकडे बायका बोलताना असंच म्हणतात, घेतो, जातो. थोड्या वेळाने ती आतून मूठ भरून हिरव्या काचा घेऊन आली, मुलीच्या खेळातल्या. "डबी भरून ने. म्हातारीला आवाज ऐकू दे."

बेळगावपर्यंत चालत आणि तिथून कोळशावर चालणाऱ्या मोटारीने निपाणी. घाटात दोनदा उतरून चालावं लागलं. निपाणी आली हे डोळे मिटूनही कळलं असतं, तंबाखूचा वास नाकात शिरला आणि शिंक आली. पुढची वाट पायी. घरापाशी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. मी डबी कोपराला बांधली, पदर नीट केला आणि दाराशी क्षणभर थांबले. लहानपणापासून माझी ती सवय. कुठल्याही दारात मी आधी थांबते, मग डावा पाय आत टाकते. आई त्यावरून नेहमी बोलायची, "आत यायचं तर ये, न्हायतर जा."

आत शिरले, हात हलवला, काचा वाजल्या. आई भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिने तोंड वळवलं आणि म्हणाली, "आलीस व्हय गं?"

माझा जीव भांड्यात पडला. वहिनी कोपऱ्यातून माझ्या कोपराकडे बघत होती. दोन दिवस मी आईजवळ बसले. पेज भरवताना, पाय चेपताना, पाणी देताना मी हात मुद्दाम हलवायची. ती विचारायची, "जावई बरं हायत?" मी म्हणायची, "बरं हायत." ती विचारायची, "तुला जीव लावतात न्हवं?" मी म्हणायची, "लावतात." ती माझा हात शोधायला लागली की मी तिच्या हातात पाण्याचं भांडं द्यायची. हात दुखून यायचा. कुणाही डोळसाला दिसलं असतं असलं सोंग, पण ती आंधळी होती, म्हणून मला वाटलं, निभावतंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी भाऊ रानात गेला होता आणि वहिनी पाण्याला. मी पेज भरवत होते. आईने तोंड मिटलं, माझं मनगट धरलं आणि अंगठा एकदा फिरवला, पानावरून फिरवायची तसा.

"ती डबी का काय हाय, ती सोड आता," ती म्हणाली. "हात दुखत असंल तुझा."

मी पेजेची वाटी खाली ठेवली.

"कवा गेलं?"

"ज्येष्ठात."

तिने मान हलवली. माझं मनगट तिने सोडलं नाही. मी विचारलं, "आई, तुला कधी कळलं?"

"तू दारात आलीस तवाच. काचा मोकळ्या वाजत हुत्या, हातातल्या बांगड्या अशा वाजत न्हाईत."

"मग तू 'आलीस व्हय' म्हणालीस ते?"

"ते तुझ्या पावलाला म्हटलं. दारात थांबलीस, मग पाय टाकलास. दुसरं कोण असं थांबतंय? डबीला न्हाय म्हटलं मी."

"मग दोन दिवस बोलली का न्हाईस?"

"तू एवढं वाजवत हुतीस," आई म्हणाली, "म्हटलं, पोरीला वाजवू दे."

मी डबी सोडली आणि तिच्या कुशीत तोंड घालून पडले. जिला हे दुःख पोळेल म्हणून मी सहा महिने लांब राहिले, ती मला न शिकवता ओळखत होती. आणि ते सहा महिने मी एका म्हशीला ओळख शिकवण्यात घालवले होते.

ती आणखी चार दिवस जगली. त्या चार दिवसांत मी खोटं एकही बोलले नाही. तिचं सगळं आटोपून परत आले तेव्हा म्हैस आटली होती. मी "हं माय, हं" म्हटलं. तिने कान पुढं केले, लांब श्वास सोडला, पण कासेत काही नव्हतं. सासू काय बोलायचं ते जावेला बोलून मोकळी झाली होती. जावेने मला जेवायला वाढलं आणि शेजारी बसून राहिली. म्हैस पुढं आठ-नऊ वर्षं होती, मग तीही गेली.

त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. डबी माझ्याकडे आहे, रिकामी. माझी सवय काही गेली नाही. कुणाच्याही दारात मी अजून क्षणभर थांबते, मग डावा पाय आत टाकते. आतून कुणी काही म्हणत नाही.